बारीक शाफ्ट

इरगोंडा मिस्त्रींनी लेकीसाठी घरीच शर्यतीची गाडी बांधली. तपासणीला आलेले मुतालिकसाहेब चाकं फिरवणारा बारीक शाफ्ट बघून चारचौघांत हसले.

"मिस्त्री, जरा जोर चढला की तुटेल हा! ट्रकचा जाड शाफ्ट मिळाला नाही? ही गाडी मी पास करणार नाही."

मिस्त्रींनी हात पुसले. "थोरल्याच्या गाडीला तसलाच जाड घातला होता, साहेब. तो शाफ्ट अजून शाबूत आहे. त्याच्याऐवजी गिअरबॉक्स फुटला आणि पोरगा गेला. हा तुटला तर गाडी नुसती थांबेल."

साहेबांचं हसू मावळलं. "म्हणजे मुद्दाम कच्चा निवडलात?"

मिस्त्रींनी सहीसाठी कागद पुढे केला. "जोर चढला की काहीतरी तुटणारच, साहेब. या वेळी काय तुटावं, तेवढं मी ठरवलंय."