पहिल्या हाकेचा इनास

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा, आमच्या काठाला इनास नावाचा तारी होता. तारी म्हणजे होडीने माणसं पार करणारा. अलीकडे ख्रिस्ती वाडी, तिची इगर्ज म्हणजे चर्च, आणि सुईणीचं व वैद्याचं घर. पलीकडे बाबल कुंभाराचा गाव.

साऱ्या किनाऱ्याला तेव्हा एक धाक होता. तिन्हीसांजेला पलीकडून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी मारतं ते माणूस. इनासला हे बापाने शिकवलं होतं आणि बापाला आज्याने. इगर्जीत जाणाऱ्यांनी भुताला भ्यावं का, असं विचारू नका. भीतीला कुठलाच धर्म नसतो.

एकदा दिवेलागणीला हाक आली, "तारीऽऽ!" इनासने वल्ह्याला हात घातला. बायको आंजेल म्हणाली, थांबा, अजून दोन येऊ देत. तो थांबला. दुसरी आलीच नाही.

पलीकडे बाबल कुंभार होता. अडलेल्या बायकोला तो सुईणीकडे आणत होता. एक हाक मारली तोच ती कोसळली. तिला सोडून तो हाका मारत बसेल कसा? काठावरच पोरगी झाली आणि आई गेली. बाबलने आण घेतली, जीव गेला तरी या तारीला पुन्हा हाक मारणार नाही.

हे कळल्यापासून इनासचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पाद्रीबाबांपुढे पाप कबूल केलं, त्यांनी सांगितलेल्या प्रार्थना म्हटल्या, तरी जिवाची तगमग जाईना. शेवटी त्याने विचारलं, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर म्हणता, पण शेजार कुठपर्यंत धरायचा? पाद्रीबाबांनी खाडीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, होडी तुझी आहे, तूच जाऊन बघ.

तो बघायला लागला. पहिल्या हाकेला निघायचा. बगळा ओरडला तरी निघायचा, वारा सुरूच्या झाडांत घुमला तरी निघायचा. बहुतेक वेळा पलीकडे कुणी नसे आणि तो रिकामा परते. वाडीतली माणसं हसत, इनास भुतांसाठी होडी चालवतो म्हणत. आंजेल एकदा रडकुंडीला येऊन भांडली, एक दिवस भूतच घरी आणाल म्हणाली.

"भूत आसला तर आसांदे," इनास म्हणाला. "तेकाव पल्याड जावचा आसतला."

असं म्हणतात, की ते ऐकल्यावर तिने पुन्हा त्याला अडवलं नाही.

मग एका वर्षी नारळी पौर्णिमेआधी खाडीला मोठं उधाण आलं. होड्या वर ओढलेल्या होत्या. इनास जेवायला बसला होता. हाक आली नव्हती, बगळाही ओरडला नव्हता. तरी तो उठला आणि त्या पाण्यात होडी लोटली. असं म्हणतात, की ती पैलतीराला लागेपर्यंत लाटा दोन्ही अंगांना भिंतींसारख्या उभ्या होत्या.

काठावर बाबल उभा होता. खांद्यावर त्याची तीच पोर, तापाने फणफणलेली. वैद्य अलीकडे. किती वेळ तो दात आवळून तिथे उभा होता, कोण जाणे.

"मी हाक मारूक नाय," बाबल म्हणाला.

"नाय मारलंस," इनास म्हणाला आणि पोरीसाठी हात पुढे केले. "चेडवाक हडे दी."

बाबलने पोरीला घट्ट धरलं. शेवटी त्याने पोर पुढे केली आणि मागोमाग स्वतः होडीत बसला. अर्ध्या खाडीत तो ओक्साबोक्शी रडू लागला. इनासही रडला, पण वल्हं त्याने थांबवलं नाही.

पोर वाचली. इनास म्हातारा झाला, तरी त्याला स्वस्थ बसवेना. एका संध्याकाळी तो निघाला आणि होडी एकटीच परत आली. नेमकं कोण हाक मारत होतं, ते वाडीतल्या कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

आता पूल आहे, गाड्या पाच मिनिटांत पार होतात. तरीही दरवर्षी फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी वाडीतली एक होडी, कुणी बोलावलेलं नसताना, पलीकडे जाऊन थांबते. वर्षभर ज्यांचं वाडीतल्या कुणाशी बोलणं तुटलेलं असतं, अशी माणसं कधी कधी तिथे खाली मान घालून उभी असतात. वल्हं धरणारा त्यांना काही विचारत नाही. तो नुसता सरकून जागा करतो.