आजोबा आणा, मग दुकान मांडा

सोनगिरीत दवंडी पिटली गेली: ज्याचा बाप आणि आजा दुकानाच्या गादीवर बसलेला नाही, त्यानं पेठेत दुकान मांडायचं नाही. का, तर व्यापार रक्तात असावा लागतो! ही अक्कल वीरधवल महाराजांना पेठेचे मुख्य नरहरशेट यांनी दिली होती. शेटांच्या सात पिढ्या गादीवर बसल्या होत्या, आणि सातवी एकदा बसली ती उठलीच नव्हती. माल नोकर तोलायचे, गिऱ्हाईक नोकर सांभाळायचे, शेट जांभया द्यायचे. यालाच खानदानी व्यापार म्हणतात.

दवंडीचा फटका बसला तो मैनाला. मैना भडभुंज्याची पोर. तिचा बाप सोनबा वेशीबाहेरच्या भट्टीवर फुटाणे-चुरमुरे भाजायचा. पेठेतले शेट ते पडत्या भावानं उचलायचे आणि चढ्या भावानं विकायचे. पुढे धुरानं सोनबाचे डोळे गेले आणि भट्टी मैनाच्या अंगावर पडली. पेठेत स्वतःचं दुकान लागलं तर चूल पेटती राहील, नाहीतर बापाला घेऊन परमुलखात जावं लागेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. म्हणून ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

महाराजांनी तिचं म्हणणं अर्धं ऐकलं, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच जास्त ऐकलं. मग ते म्हणाले की ज्याच्या त्याच्या घराण्याची कामं देवानंच वाटून दिली आहेत, त्यात राजानं ढवळाढवळ कशी करावी? देवावर ढकललं की राजाला जेवायला वेळेवर उठता येतं.

मैना जागची हलेना, तसे महाराज वैतागले.

"हुकूम म्हणजे हुकूम. पेठेतला आजोबा घेऊन ये आणि दुकान मांड. दसऱ्यापर्यंत आणला नाहीस, तर ती भट्टीसुद्धा विझव!"

दरबार खो खो हसला. आजोबा काय आठवडी बाजारात मिळतो?

मैना हसली नाही. तिनं फक्त एक शंका विचारली. नरहरशेटांना मूलबाळ नाही. त्यांनी गेल्या साली मेव्हण्याचा मुलगा दत्तक घेतला. तो परवापरवापर्यंत नांगर धरत होता, मग त्याच्या रक्ताचं काय?

नरहरशेट ताडकन उठले. इतक्या वेगानं उठलेले त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी भर दरबारात समजावून सांगितलं की एकदा दत्तकविधान झालं, की साती पिढ्या आपोआप माणसाच्या अंगात येतात. जन्म कुठला, हे मग विचारायचं नसतं. महाराजांनी जोरजोरात मान डोलावली, कारण महाराज स्वतः एका पाटलाच्या घरातून दत्तक आले होते. ही गोष्ट सगळ्या सोनगिरीला माहीत होती, त्यामुळे कुणीच बोलत नसे.

"आणि हे बघ पोरी," शेट जाता जाता म्हणाले, "मुलगी कुणी दत्तक घेत नाही. तेव्हा ती आशा सोड."

"सोडली," मैना म्हणाली आणि निघाली.

ती गेली ती मारुतीच्या देवळात. तिथल्या ओसरीवर मोरोशेट पडून असत. एके काळी पेठेतलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं होतं. बाप व्यापारी, आजा व्यापारी, पणजा व्यापारी. पण मुलाच्या रक्तात व्यापार उतरायचा राहिला आणि ढोलकी उतरली. तो दुकान बुडवून एका तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला.

मैनानं आपला बेत सांगितला. मोरोशेट खेकसले की माझ्याकडे द्यायला फुटकी कवडी नाही. मैना म्हणाली, कवडी नको, तुमचं नाव द्या. आमच्या घरी दोन्ही वेळा गरम भाकरी मिळेल, आणि ऐकणारं माणूसही मिळेल, तुम्ही कितीही खेकसा. भाकरीबरोबर ठेचा असतो का, एवढंच म्हाताऱ्यानं विचारलं, आणि मग त्याला रडू कोसळलं. कित्येक वर्षांत त्याच्याकडे कुणी काही मागायला आलंच नव्हतं.

दसऱ्याला मैना म्हाताऱ्याचा हात धरून दरबारात आली.

"महाराज, आजोबा आणला. चार लोकांसमोर, देवासमोर, रीतसर दत्तक घेतलाय."

नरहरशेटांना ठसकाच लागला. आजोबा दत्तक? असलं कुणी ऐकलंय का? शास्त्र बुडालं, धर्म बुडाला, पेठ बुडाली! दत्तक घेतात तो मुलगा. म्हाताऱ्याला मांडीवर बसवलंस की काय?

"बसवणार होते," मैना म्हणाली, "पण तेच म्हणाले, पोरी, तुझे गुडघे मोडतील."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी ओठ दाबून धरले आणि करड्या आवाजात विचारलं की हा पोरखेळ मी का मानावा?

मैनानं हात जोडले.

"महाराज, दत्तकानं साती पिढ्या अंगात येतात, हे शेटांनीच सांगितलं आणि आपण मान डोलावली. मोठ्या घरांना पुढची पिढी नसते, म्हणून ती बाहेरून आणतात. माझ्याकडे मागची नव्हती, म्हणून मी ती आणली. फरक एवढाच, की मी आणण्याआधी माणसाला विचारलं."

शेवटचं वाक्य कुणाला लागलं हे सगळ्यांना कळलं होतं, आणि कळलं नाही असं दाखवायला सगळे छताकडे बघत होते.

महाराज मात्र हसू लागले. आधी गालात, मग पोट धरधरून, इतकं की मुकुट काढून बाजूला ठेवावा लागला.

"खरंय गं बाई!" डोळे पुसत ते म्हणाले. "मला आणलं, तेव्हा मला कोण विचारतंय! मी तर झाडावर बसून चिंचा खात होतो."

मैनाला नरहरशेटांच्या दुकानासमोरचीच चौकातली जागा मिळाली, वर जकात माफ. मोरोशेटांना नवं पागोटं बांधून महाराजांनी स्वतः हाताला धरून गादीवर बसवलं. नरहरशेटांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. राजा हसत असताना टाळ्या वाजवायच्या, हे मात्र त्यांच्या रक्तातच होतं.