अवचितबुवांनी दिलेला चार्ज

"मग चार्ज कुणाला देणार, बुवा?"

अवचितबुवा सायकलच्या चाकात अडकलेली घाणेरीची फांदी ओढून काढत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाला म्हणजे? इथं दुसरं आहे कोण?"

निमोणकरांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

हे निमोणकर म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब. बायको गेली, मुलगा पुण्यात रमला, आणि वैराग्य आलं म्हणून हे टेकडीवरच्या मठात येऊन राहिले. वैराग्य आलं असेल, नाही कोण म्हणतो? पण साहेबी काही गेली नाही. उभी हयात या माणसानं चार्ज घेतला आणि चार्ज दिला. बदली झाली की चार्ज, बढती मिळाली की चार्ज, वरचा साहेब रजेवर गेला की तात्पुरता चार्ज.

आणि काल संध्याकाळी टेकडीच्या मध्यावर थांबून बुवा म्हणाले होते, "आता चार्ज द्यायलाच हवा."

तुम्ही म्हणाल, बुवांची सायकल बॅटरीवरची, मग निमोणकरांच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, कसं येणार? नाशिकच्या एका भक्तानं ती सायकल मठाला दिली, त्या दिवशी माहितीपुस्तक पहिल्यांदा उघडलं ते निमोणकरांनीच. बॅटरीला 'चार्जिंग' म्हणायचं, 'चार्ज' नव्हे, 'चार्ज' अधिकाऱ्याचा असतो, हे त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या चंद्राबाईंनासुद्धा शिकवून ठेवलं होतं.

"पण इतक्यात कशाला, बुवा?"

"वेळेवर द्यावा. पार उतरल्यावर दिला तर उपयोग होत नाही."

निमोणकर बघतच राहिले. काय हा म्हातारा. स्वतःच्या देहाबद्दल बोलतोय, आणि हातात घाणेरीची फांदी.

"असं नका बोलू."

"खरं ते बोलतो. जुनं झालं की टिकत नाही फार."

"मग... दिवस कुठला धरलाय?"

"गुरुवार. बुधवारी लाईट नसते."

म्हणजे बुवांनी माईकचासुद्धा विचार केलेला आहे. निमोणकर भारावून गेले.

"माझ्याकडून काही तयारी?"

"तयारी कसली. हात तेवढे कोरडे असू द्या म्हणजे झालं."

आता मात्र निमोणकर पुढे सरसावले. त्यांनी दोन्ही तळहात बुवांसमोर धरले. "बुवा, उभी हयात पाटबंधाऱ्यात काढली. आजूबाजूला सगळ्यांचे हात ओले. माझे मात्र कायम कोरडे राहिले."

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली. ते तळहात पाहिले. मग निमोणकरांचं तोंड पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि चाक फिरवून बघायला लागले.

मठ तो केवढा? एक समाधी, दोन खोल्या, एक चूल आणि चिंचेचं झाड. पण निमोणकरांना त्या रात्री डोळ्यांसमोर दिसली ती गादी. गादीवर आपण. समोर लोक. कोपऱ्यात सूचनाफलक. मठाला साधा सूचनाफलक नसावा, हे त्यांना आल्या दिवसापासून खुपत होतं.

गुरुवारी सकाळी ते खाली गावात निरोप धाडून मोकळे झाले. भजनी मंडळ आलं. चार बायका आल्या. झेंडूचा हार आला, शाल आली, पेढे आले. निमोणकरांनी खळ घातलेलं धोतर नेसलं. ते बसले की कागदासारखं वाजायचं.

"कुणाचं लग्न आहे का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"चंद्राबाई, आज चार्ज आहे."

"चार्जिंग म्हणायचं ना?"

"ते वेगळं. हे वेगळं," निमोणकर म्हणाले, आणि चिंचेखाली जाऊन भाषण घोकायला लागले. 'मी यास योग्य नाही' इथून सुरुवात होती. ते वाक्य म्हणताना आवाज कापायला हवा होता, तो काही केल्या कापेना.

बुवा माधुकरी मागून वर आले. सायकल झाडाला टेकवली. जमलेली माणसं पाहिली.

"आज काय आहे?"

"बुवा, तुम्हीच म्हणाला होतात. चार्ज..."

"हां, हां. विसरलोच होतो."

बुवांनी कनवटीची किल्ली काढली. खाली वाकले. सायकलच्या दांडीतली बॅटरी खटकन सोडवली. निमोणकर शाल पांघरून, दोन्ही हात पसरून उभे होते. त्या पसरलेल्या हातांवर बुवांनी ती ठेवली.

"घ्या. चार्ज."



मागच्या एका भजन्यानं सवयीनं टाळ वाजवला. त्याच्या शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. पेढ्यांचं ताट एव्हाना अर्ध्यावर फिरून आलं होतं, ते परत मागवताही येईना.

"माझ्या खोलीतला प्लग जळलाय," बुवा म्हणाले. "तुमच्याकडे लावा. दिवा हिरवा झाला की काढा."

निमोणकरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बॅटरी छातीशी धरून ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

राग कुणावर काढायचा? बुवांवर निघेना. स्वतःवर काढायची सवय नव्हती. समोर बॅटरी होती. त्यांनी चार्जरची पिन प्लगात घातली, वायर बॅटरीला जोडली, सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम केलं. भिंतीवरचं बटण मात्र दाबलं नाही. मुद्दाम दाबलं नाही.

"घ्या चार्ज," ते भिंतीला म्हणाले, आणि ट्रंक भरायला बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बॅटरी दाराबाहेर ठेवून दिली. ट्रंक घेऊन बाहेर आले, तेव्हा बुवा बॅटरी दांडीत बसवत होते. बुवांनी ट्रंककडे पाहिलं. जाताय का, का जाताय, काही विचारलं नाही. "मागे ठेवा ती," एवढंच म्हणाले. "मी स्टँडपर्यंत येतोच आहे."

ट्रंक कॅरियरवर बांधली. बुवांनी बटण दाबलं. हँडलवरचा डिस्प्ले उजळला.

"चष्मा वर राहिला," बुवा म्हणाले. "किती काड्या दाखवतोय?"

निमोणकरांनी वाकून पाहिलं. पाचांपैकी तीन. त्या तीन किती खऱ्या, हे त्यांच्याइतकं या टेकडीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. भार नसला की डिस्प्ले पोट भरल्याचा आव आणतो. चढाला लागला की खरं बोलतो. पुस्तकाचं ते पान त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

"तीन," ते म्हणाले.

"लावली होती ना रात्री?"

"लावली होती."

हे उत्तर खास खात्यातलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं.

उतारावर बुवा ब्रेक दाबत पुढे, निमोणकर मागून चालत. खाली पोचेपर्यंत तीनच्या तीन काड्या जागेवर. बुवांनी चार घरं मागितली, झोळी गळ्यात अडकवली आणि स्टँडवर येऊन सायकल थांबवली. निमोणकरांनी ट्रंक उतरवून घेतली.

"सांभाळून जा, साहेब. मुलाला नमस्कार सांगा."

"बुवा..."

"काय?"

"काही नाही. सावकाश जा."

बुवा गेले. स्टँडवरून टेकडीचा रस्ता सगळा दिसतो. निमोणकरांना तो बघायचा नव्हता. त्यांनी पाठ फिरवली. मग वेळापत्रक वाचलं. मग पुन्हा वळून बघितलं.

सायकल चढाला लागली होती. वळणापर्यंत ठीक गेली. वळणावर हळू झाली. मग एकाच जागी उभी राहिली, आणि उभीच राहिली.

आता एक काडी असेल, निमोणकरांच्या मनात आलं. आता तीही गेली असेल. बुवांच्या गुडघ्यांना तो चढ जमत नाही, म्हणून तर नाशिककरांनी सायकल दिली होती. आणि वर ऊन चढत होतं.

एसटी आली. गर्दी उसळली. मागच्या माणसांनी रेटलं, ट्रंक आत गेली, तिच्या पाठोपाठ निमोणकरही आत गेले. खिडकीतून वळण दिसत होतं. वळणावर भगवा ठिपका होता.

"काका, बसून घ्या," कंडक्टर म्हणाला.

"उतरायचंय."

"अहो, आत्ताच तर चढलात."

"उतरायचंय म्हटलं ना."

ते उतरले. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. मग निमोणकरांना ट्रंकेची आठवण झाली. ते गाडीमागे दोन पावलं धावले, थांबले, आणि उलट्या दिशेनं पळत सुटले. ट्रंक पुण्याला गेली आणि निमोणकर टेकडीला लागले.

कालचं कडक धोतर पळायला अगदी कुचकामी. ते पायात येत होतं, फाटत होतं, काट्यांना अडकत होतं. निमोणकरांनी ते गुडघ्यांपर्यंत खोचलं. ज्या माणसानं कालव्याच्या पाहणीलाही जीपमधून खाली पाय ठेवला नाही, तो माणूस उघड्या पोटऱ्यांनी टेकडी चढत होता. वळणावर पोचेपर्यंत जीव नुसता घशाशी आला.

बुवा सायकलवरच बसून होते. एक पाय दगडावर टेकवलेला. झोळीतली भाकरी मोडून खात होते.

"गाडी चुकली?"

"नाही... आली होती."

"मग?"

निमोणकर दम खात उभे राहिले. बुवांनी त्यांच्यापुढे भाकरीचा तुकडा धरला. तो त्यांनी घेतला नाही.

"बुवा, मी बटण दाबलं नव्हतं."

"हं."

"विसरलो नव्हतो. मुद्दाम नाही दाबलं."

बुवांचा हात भाकरी घेऊन तसाच पुढे होता.

"मला वाटलं होतं, मठाचा चार्ज देताय. म्हणून शाल, म्हणून पेढे. लाज वाटली फार. त्या लाजेत तुम्हाला... तुमचे गुडघे माहीत असून..."

 बुवांनी तो तुकडा स्वतःच खाल्ला आणि पाणी प्यायले.

"मठाचा चार्ज," ते सावकाश म्हणाले. "मठ कुठं चालतो, साहेब? एका जागी तर आहे."



बुवांनी पाय दगडावरून काढायला घेतला. "उतरतो. ढकलत नेऊ दोघं."

"तुम्ही उतरायचं नाही," निमोणकर म्हणाले. "बसा."

"मी बसलेलाच?"

"बसलेलेच. हँडल तेवढं सरळ धरा."

ते मागे गेले. कॅरियरला दोन्ही हात लावले, डोकं खाली घातलं आणि रेटा दिला. सायकल हलली. बॅटरीची सायकल मेली की दगडासारखी जड होते. पुस्तकात वजन दिलेलं होतं, पण ते असं काही असेल हे त्यांना वाटलं नव्हतं. एक पाऊल... मग थांबणं... मग दुसरं पाऊल. घाम डोळ्यांत उतरत होता. धोतराचा सोगा मागे रस्त्यावर लोळत येत होता.

खाली कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. निमोणकरांनी वळून पाहिलं नाही. त्यांना ऐकूच आला नव्हता.

बुवा पुढे निवांत बसून होते. त्यांनी हँडलवरच्या काळ्या काचेवर बोटानं टकटक केली. वाकून डोळे किलकिले केले. मागून नुसते धापांचे आवाज येत होते.

"डिस्प्लेवर काहीच दिसत नाही, साहेब," बुवा म्हणाले. "पण चालतेय. म्हणजे चार्ज घेतलात तुम्ही."