आळणी आमटी आणि दोन वस्त्या

एकदा एक मोजणीदार आपल्या वृद्ध गुरुजींच्या अंगणात आला आणि बसेना. गुरुजींनी चटई दाखवली, तरी बसेना. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागला. गुरुजी पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी पाच-सहा फेऱ्या मुकाट्याने पाहिल्या आणि म्हणाले, "श्रीपती, अंगण मी मागेच मोजून घेतलंय. बस."

श्रीपती बसला, पण कसला बसतो! एक गुडघा हलतच होता. हा गृहस्थ सरकारी मोजणी कार्यालयात नोकरीला. लोकांच्या बांधाचे तंटे त्याने आयुष्यभर फीत लावून मिटवले, आणि आता स्वतःचं घर घ्यायची वेळ आली तर दोन वस्त्यांच्या मध्ये सापडून त्याची झोप उडाली होती. एकीकडे शहराबाहेरची नवी गौरीटेकडी, दुसरीकडे शहराच्या पोटातली तळेपेठ. दोन्हीकडे एकेक घर हेरून ठेवलेलं. सोमवारी एका घराला होकार कळवायचा होता, नाहीतर दोन्ही हातची जाणार होती. आणि आज गुरुवार होता.

"वही आणली असशीलच," गुरुजी म्हणाले. शिष्याला ते पुरते ओळखून होते.

श्रीपतीने पिशवीतून वही काढली. पानापानावर रकाने आखलेले. पाणी, शाळा, दवाखाना, बाजार, उजेड, वारा, रस्त्याची रुंदी. प्रत्येकाला दहापैकी गुण. सहा महिने दर रविवारी हा माणूस दोन्ही वस्त्यांतून हिंडला होता, अगदी नळाखाली बादली धरून ती किती वेळात भरते हेही त्याने टिपून ठेवलं होतं. सगळी बेरीज करून गौरीटेकडी तीन गुणांनी पुढे होती.

"मग घोडं कुठे अडलंय? टेकडी घे आणि मोकळा हो."

"नाना येत नाही म्हणतात ना, गुरुजी!"

आता हे नाना कोण, ते सांगायला हवं. नाना म्हणजे श्रीपतीचे सासरे, त्याच्या पत्नीचे, कुंदाचे वडील. तालुक्याच्या गावी त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. बायको गेली, कात्री हातात थरथरू लागली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी कुंदा त्यांना आपल्या घरी घेऊन आली. लेकीच्या घरी कायमचं राहणं म्हणजे आपल्याकडच्या माणसाला काय वाटतं, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा संकोचाने पीत. नाना राहिले, पण नव्या घराचं बोलणं निघाल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: "तुम्ही नव्या घरी सुखाने नांदा. मी गावी पुतण्याकडे जातो." पुतण्या भला माणूस, पण पहाटे घराला कुलूप घालून शेतावर जाणारा. तिथे नानांना दुपारी तांब्याभर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. कुंदाने नवऱ्याला स्वच्छ सांगून टाकलं होतं, "नाना येणार नसतील तर मला नवं घर नको. त्यांना तिकडे एकटं धाडून मी इकडे पडदे लावत बसू?"

"म्हणून मी म्हटलं, दोन्ही जागा त्यांनाच दाखवू," श्रीपती म्हणाला. "त्यांना आवडेल ती घेऊ. त्यांच्या नावाचा रकानाच केला, गुरुजी. हा बघा."

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. गौरीटेकडीच्या पानावर नानांचं मत एका ओळीत होतं: 'छान. हवा छान. फारच छान.' तळेपेठेच्या पानावर मात्र ओळींवर ओळी: 'जिन्याची तिसरी पायरी उंच, कुंदाचा पाय मुरगळेल. मोरीचा उतार उलटा. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन, दूध नासणार. गिरणीची घरघर. समोरचा वाणी बोलतो फार. खिडकीची कडी लागत नाही. खालचा शिंपी काजं करतो की उंदराची बिळं?'

"सात दोष, गुरुजी! आणि त्या खालच्या शिंप्याशी तर अर्धा तास हुज्जत घातली. त्याच्या हातातला सदरा ओढून घेऊन त्याला काजं दाखवत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे टेकडी आवडली, पेठ नावडली, हे उघड आहे. मग टेकडीवर यायला काय हरकत आहे? आवडलं म्हणतात आणि यायचं नाही म्हणतात! मी समजू तरी काय?" असं म्हणत श्रीपती पुन्हा उभा राहिला.

गुरुजींनी चार शेंगा सोलल्या. मग विचारलं, "तुझं आणि नानांचं कधी भांडण झालंय?"

"छे, छे!" श्रीपतीची मान ताठ झाली. "तीन वर्षांत एक वावगा शब्द नाही. पहिलं पान त्यांचं वाढतो. पंख्याखालची खुर्ची त्यांची. त्यांच्यापुढे मी आवाजसुद्धा चढवत नाही."

"अस्सं," गुरुजी म्हणाले. त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि सोललेल्या पावट्याच्या पुडीबरोबर त्याच्या हाती दिली. "पुडी आणि चिठ्ठी, दोन्ही कुंदाला दे. वाचायची नाही. रविवारी दुपारी मी तुमच्याकडे जेवायला येतो."

श्रीपतीने चिठ्ठी वाचली नाही, हे खरं. पण वाटेत दोनदा उन्हाकडे धरून पाहिली, हेही खरं. कुंदाने ती वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि कमरेला खोचून टाकली. "काय लिहिलंय?" असं त्याने शुक्रवारी चार वेळा विचारलं. "तुमच्या गुरुजींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" एवढंच ती म्हणाली. शनिवारी हा पठ्ठ्या पुन्हा दोन्ही वस्त्यांत चक्कर मारून आला, गुणांची पुन्हा बेरीज केली आणि पुन्हा तीनच गुणांचा फरक पाहून वही आपटली. आत नाना आपली पत्र्याची पेटी आवरत होते. कपड्यांच्या घड्या एकावर एक बसत होत्या आणि कुंदा ते दारातून पाहत होती. त्या रात्री ती जेवली नाही.

रविवारी गुरुजी आले. पानं मांडली. मीठ, लिंबू, चटणी, पावट्याची उसळ, भात आणि आमटी. नाना आणि गुरुजी शेजारी शेजारी बसले, समोर श्रीपती. श्रीपतीने भातावर आमटी घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि थबकला. आमटीत मीठच नव्हतं! थोडं कमी असतं तर गोष्ट वेगळी, इथे चिमूटभरही नव्हतं. त्याने कुंदाकडे पाहिलं. ती पळी हातात घेऊन खाली मान घालून उभी. गुरुजी पहिल्यांदा घरी जेवायला यावेत आणि हिने नेमकं आजच विसरावं! मनातल्या मनात चरफडत त्याने पानातलं मीठ हळूच आमटीत कालवलं.

"नाना, आमटी कशी झालीय?" गुरुजींनी सहज विचारलं.

"वा! फक्कड!" नाना म्हणाले.

"काही कमी-जास्त?"

"छे हो! कुंदाच्या हाताला चवच आहे." आणि नानांनी वाटी पुढे करून आणखी आमटी घेतली.

आता मात्र श्रीपतीला राहवलं नाही. "अहो नाना, तिच्यात मीठ नाही!"

नानांचा घास हातातच राहिला. त्यांच्या पानातली मिठाची लहानशी रास वाढली होती तशीच होती. तिला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"मीच नाही घातलं," कुंदा म्हणाली. "चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. मला वाटलं, नाना पहिल्याच घासाला ओरडतील. आमच्या गावच्या घरी आईला ओरडायचे ना! भाकरी जरा करपली तर पान सारायचे. नाना, म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझ्या हातचं असंच, कसंही, गोड मानून खाल्लंत?"

"अगं, जावईबापूंच्या घरात बसून मिठाला नावं ठेवू?" नाना पुटपुटले.

"पानातलं मीठ तरी घ्यायचं!"

"घेतलं असतं तर तुला कळलं असतं ना."

कुंदाने पळी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. तिला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

गुरुजी म्हणाले, "श्रीपती, हात धू आणि वही आण." वही आली. गुरुजींनी ती नानांच्या रकान्यावर उघडली.

"टेकडीपुढे तू काय लिहिलंस? छान, छान, फारच छान. आत्ता या आळणी आमटीला ते काय म्हणाले? फक्कड. दोन्ही शब्द एकाच तोंडचे, आणि एकाच किमतीचे. अरे, पाहुणा कशाला नावं ठेवत नाही, कारण त्याला उद्या तिथे उठायचं नसतं. ज्याला राहायचं असतं त्यालाच तिसरी पायरी उंच लागते, मोरीचा उतार उलटा दिसतो, दूध नासेल ही काळजी पडते. तळेपेठेच्या त्या घरात नाना अर्धा तास मनाने राहून आले, म्हणून भांडले. तुझी मोजणी अचूक होती, बाळा. फक्त फीत तू उलट्या टोकाकडून वाचलीस."

श्रीपती वहीकडे बघत राहिला. सात दोष त्याच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

"आणि आणखी एक," गुरुजींचा आवाज थोडा कठोर झाला. "तीन वर्षांत वावगा शब्द नाही, हे तू मला मोठ्या अभिमानाने सांगितलंस. पहिलं पान, पंख्याखालची खुर्ची. म्हाताऱ्याला तू देव्हाऱ्यात बसवलंस. देवाला कोणी विचारतं का, आज भाजी कोणती आणू? देवावर कोणी चिडतं का? मान पुष्कळ दिलास, जागा दिली नाहीस. हे असंच चालायचं असेल तर टेकडी घेतलीस काय आणि पेठ घेतलीस काय, नाना दोन्हीकडे पेटी भरूनच बसतील."

श्रीपतीचा गुडघा हलायचा थांबला. मग तो नानांकडे पाहून म्हणाला, "नाना, तुम्ही त्या शिंप्याशी भांडलात ते मला अजिबात आवडलं नाही. चारचौघांत माझी मान खाली गेली."

नानांनी डोळे वटारले.

"मान खाली गेली? अहो, त्याची काजं बघितलीत का तुम्ही? दोन धुण्यांत उसवतील! चाळीस वर्षं मी काजं केली, आणि डोळ्यांदेखत सदरा वाया चाललेला बघत बसू?"

"दुसऱ्याच्या दुकानात कशाला बोलायचं पण?"

"बोलणार! पुन्हा बोलणार! त्या पोराचा हात वाईट नाही, शिकवायला कोणी नाही त्याला. आठ दिवस शेजारी बसलो तर सरळ करीन. आणि तुम्ही आधी ती मोरी बघा. उतार उलटा आहे म्हटलं तर नुसतं लिहून घेतलंत, गवंड्याला विचारलंत का?"

"विचारतो उद्या!"

"उद्याच विचारा. नाहीतर पहिल्याच दिवशी पाणी स्वयंपाकघरात येईल आपल्या!"

'आपल्या' असं आपण बोलून गेलो, ते नानांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पानात मान घातली. कुंदा हसत होती आणि डोळे पुसत होती. गुरुजींनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी आपल्या पानातलं मीठ आमटीत कालवलं आणि भात संपवायला सुरुवात केली, कारण त्यांना खरोखरच भूक लागली होती.

सोमवारी श्रीपतीने तळेपेठेला होकार कळवला. तीन गुण कमी असलेली ती जागा होती, हे त्याला पुढेही कितीतरी दिवस टोचत राहिलं. गिरणी सुरू झाली की तो कानात कापूस घालून घरभर फिरायचा. मोरीचा उतार तपासला तर खरोखरच उलटा निघाला. तो गवंड्याकडून सरळ करून घेतला, तेव्हा नाना मागे उभे राहून सूचना करत होते आणि सासरे-जावयांची पुन्हा जुंपली.

नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या दुपारी सगळे जेवायला बसले. पत्र्याची पेटी रिकामी होऊन माळ्यावर गेली होती. नानांनी आमटीचा भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि वाटी दूर सारली.

"कुंदे, मीठ जास्त झालंय. लक्ष कुठे असतं तुझं?"

कुंदा स्वयंपाकघरात गेली आणि दुपारच्या उन्हात खिडकीशी तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. श्रीपतीने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, अजिबात न हलता, पोटभर जेवण केलं.

तुम्हीही घर शोधत असाल तर घरातल्या प्रत्येकाला जरूर विचारा. मात्र जो नुसतं 'छान आहे' म्हणेल, त्याच्या आमटीत मीठ आहे की नाही ते आधी पाहा.