सव्वीस नंबरची फाईल

“...पण आत शिरलाच कसा तो, महाराज? तीन-तीन अँटिव्हायरस होते!”

आप्पांनी तीन बोटं वर केली. आप्पा म्हणजे माझे वडील, दिगंबर नळगे, निवृत्त मंडळ अधिकारी. बत्तीस वर्षं लोकांनी ‘साहेब’ म्हणून हाक मारली. अजूनही बोट वर केलं की समोरचा उठून उभा राहील असं त्यांना वाटतं.

हिरागीर महाराज उठले नाहीत.

गावाबाहेर टेकाडावर त्यांचा मठ. चिंचेखाली घोंगडी, घोंगडीवर महाराज. गोसावी होण्याआधी हा माणूस एकवीस वर्षं बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता. म्हणून त्यांच्याकडे दोन्ही येतं, दृष्ट लागलेली पोरं आणि बंद पडलेले कॉम्प्युटर. आमच्या आधी एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मी आमचा सीपीयू घोंगडीवर टेकवला तशी ती म्हणाली, “ह्याला काय झालं? जेवत न्हाई का?”

आप्पांना ते आवडलं नाही.

“एका दाराला तीन पहारेकरी ठेवले,” महाराज म्हणाले, “तर ते आधी एकमेकांनाच धरतात, मालक.”

“म्हणजे कमी ठेवायचे?”

“एक पुरे. पण त्याला वेळेवर खाऊ घालायचं. अपडेट कधी केला होता?”

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. उत्तर सापडलं नाही की त्यांना मी सापडतो.

“तो रोज विचारायचा,” मी म्हणालो. “हे रोज ‘नंतर’ दाबायचे.”

“तू मधे बोलू नकोस. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून आलेल्यानं तर नाहीच नाही.”

मी बोलायला आलोच नव्हतो. आप्पांच्या कमरेत चमक भरली होती आणि सीपीयू जड होता, म्हणून दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. ‘ओझं आहे. ये.’

महाराजांनी सीपीयूवरून हात फिरवला. वर दसऱ्याच्या पूजेचा कुंकवाचा टिळा होता, वाळून काळा पडलेला.

“आत काय होतं?”

आप्पा चिंचेकडे बघायला लागले.

“आई होती,” मी म्हणालो.

घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस ती कॉम्प्युटरसमोर बसून बोलली. एकेचाळीस फायली भरल्या. अनारसा तुपात का हसतो. कुठल्या मावशीला लग्नात काय विचारायचं नाही. शेजारच्या कोंबड्याला शिव्या. मला हाका. त्यानंतर दीड वर्ष ती पाटीवर लिहून बोलायची. मग पाटीही थांबली.

ती गेल्यावर आप्पा रोज सकाळी चहाबरोबर एक फाईल ऐकायचे. एकटे, दार लावून. मी दाराशी येऊन उभा राहिलो की आवाज बारीक करायचे. महिनाभर मी तो बारीक आवाज ऐकला आणि घर सोडलं.

“आता सगळ्या फायलींना कुलूप आहे,” आप्पा म्हणाले. “पडद्यावर लाल अक्षरं येतात. चावी पाहिजे तर पैसे भरा म्हणे. भरायला निघालो, तर त्याचा नंबरच लागत नाही. लातूरला चार दुकानं फिरलो. सगळे म्हणतात, होत नाही. मग तुमचं नाव ऐकलं...”

“पासवर्ड होता?”

“चौदा अक्षरी!” आप्पांची मान ताठ झाली. “अंक, चिन्हं, सगळं घातलेलं. कुणालाही माहीत नव्हता.”

“घरच्या बाईला?”

“तिला कशाला? बोलायला बसायची तेव्हा मी उघडून द्यायचो की.”

“पोराला?”

“याला? यानं वाटोळं केलं असतं.”

“आणि फोनवाल्याला?”

“तुम्हाला कसं कळलं फोन आला होता?” आप्पांनी हळूच विचारलं.

महाराजांनी ‘पुढे सांगा’ अशी हातानं खूण केली.

“तो म्हणाला, साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय. कंपनीतून बोलतोय, काढून देतो. फार अदबीनं बोलत होता हो. एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला. मग त्याला माझा पडदा दिसायला लागला. मग म्हणाला, तुमचे अँटिव्हायरस आडवे येतायत, साहेब, जरा बंद करा.”

“तिन्ही?”

“...तिन्ही.”

“किती वेळ लागला?”

“चार-पाच मिनिटं.”

“तेवढ्यात किती वेळा साहेब म्हणाला?”

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आप्पांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण डोळ्यांत जोर नव्हता.

मी किती वर्षं सांगत होतो, फोनवर कुणाला काही देऊ नका म्हणून. ही पिढीच अशी. घरातल्या माणसाकडे पुरावा मागतात. परक्याचा नुसता आवाज मऊ असला की पुरतं.

“नक्कल?” महाराजांनी विचारलं. “दुसऱ्या कशावर काढून, बाजूला ठेवलेली?”

आप्पा घोंगडीची दशी ओढत बसले.

“सांगा की,” मी म्हणालो.

दशी तुटून त्यांच्या हातात आली.

“मग मी सांगतो. मी काढली होती, आई असतानाच. हे कॉम्प्युटर चालू ठेवून आंघोळीला गेले होते. मी पेनड्राइव्ह लावला आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस फायली घेतल्या. हे ओल्या अंगानं आले, पेनड्राइव्ह उपटला आणि परसातल्या विहिरीत टाकला. म्हणे, पेनड्राइव्हनं व्हायरस येतो.”

“पेपरात आलं होतं तसं,” आप्पा पुटपुटले. “येतो ना महाराज? पेनड्राइव्हनं येतो ना?”

“येतो,” महाराज म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, म्हणत होते डोळे. एवढं सगळं जळून गेल्यावरही त्यांना एवढं जिंकायचं होतं.

“आई दारात उभी होती तेव्हा,” मी म्हणालो. “ओरडता येत नव्हतं तिला. पाटी दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. हे तिच्या अंगावरूनच विहिरीकडे गेले.”

“काय लिहिलं होतं पाटीवर, मालक?”

आप्पांनी ओठ ओले केले.

“मी... वाचलं नाही. घाईत होतो.”

महाराज माझ्याकडे वळले.

“असू द्या त्याच्यापाशी,” मी म्हणालो. “एवढंच.”

म्हातारी हसायची थांबली होती. तिनं नातवाला उगाचच थोपटायला सुरुवात केली.

महाराजांनी सीपीयू आप्पांच्या दिशेनं सरकवला.

“हे माझ्या हातून उघडणार नाही.”

“एकसुद्धा नाही?”

“नाही.”

“सगळ्या नकोत मला. एकच...”

“नाही, मालक.”

आप्पांचे खांदे उतरले. इतका लहान माणूस इतकी वर्षं एवढी जागा अडवून कसा बसला होता, मला कळेना.

महाराजांनी मला विचारलं, “तुझी आई तुला उठवायची कशी रे?”

मी मान हलवली. नाही.

“आठवत नाही?”

मला म्हणायचं नव्हतं. पण ते तोंडात तयारच होतं. तिचा हेल, मधेच चढून खाली पडणारा, तसाच्या तसा बाहेर आला.

“निऽऽख्या! ऊठ की रे, हाका मारून मारून कोंबडासुद्धा दमला!”

म्हातारीचा नातू दचकून जागा झाला.

आप्पांची मान झटकन वर आली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“सव्वीस,” ते म्हणाले. “सव्वीस नंबरची.”

मग बोट वर आलं. तेच बोट.

“परत म्हण.”

मी म्हणालो नाही.

“परत म्हण म्हणतोय ना मी!”

मी सीपीयूवरचा काळा टिळा बघत राहिलो.

आप्पांनी महाराजांकडे पाहिलं. पोराची तक्रार घेऊन आलेल्या बापासारखं.

महाराज सीपीयूची वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले,

“पासवर्ड चुकला, मालक.”