दगड तयार आहे

शत्रू वेशीवर चालून आला, तेव्हा सामंत केसुगी गढीत दडला होता आणि त्याचा मुलगा बिंबदेव धान्याच्या पेवात. वेस राखली ती देमाईने, एकटीने, भाला घेऊन. शत्रू माघारी पळाला, पण ती पडली.

रणात पडलेल्याचा वीरगळ वेशीत उभा करायची तिथली रीत. म्हणून देमाईची आई नागाई दरबारात गेली.

"बाईचा वीरगळ?" सामंत गुरगुरला. "लोक म्हणतील, या गावात पुरुष नव्हते! दगड उभा करा, पण नाव बिंबदेवाचं कोरा."

बिंबदेवाने मिशीला पीळ भरला. त्याच्या केसांत अजून जोंधळ्याचं भुसकट होतं. नागाईने ते पाहिलं आणि हात जोडले.

"जशी आज्ञा, महाराज. पण वीरगळ मेलेल्याचाच असतो. दगड तयार आहे. धाकटे महाराज कधी मरणार, तेवढं सांगा."

बिंबदेवाचा हात मिशीवरून खाली आला. सामंताने मुलाचं नाव मागे घेतलं. देमाईचं मात्र कोरू दिलं नाही.

वेशीत कोराच दगड उभा राहिला. वाटसरू त्याला हात जोडत आणि शेजारी बसलेल्या नागाईला विचारत, "आजी, कोण होता हा वीर?" मग नागाई प्रत्येकाला देमाईची सगळी गोष्ट सांगे, पेवासकट.