नेमगोंडाची फियाट

"...मग आता तरी आणू ना तिला वर?"

सुव्रतमती माताजी डोंगरावरच्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओवरीत बसल्या होत्या. अंगावर पांढरी साडी, मांडीशी मोरपिसांची पिंछी. नेमगोंडाचा प्रश्न त्यांनी ऐकला.

नेमगोंडा डोंगराखालच्या गावचा. त्याचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना होता. जे यंत्र कुणाच्या बापाच्यानं दुरुस्त होत नाही ते नेमगोंडाकडे न्यावं, असं पंचक्रोशीत म्हणत. ते त्याच्याही कानावर होतं.

त्याची आई चंद्राक्का माताजींची जुनी शिष्या. आता तिच्या मणक्यात दुखणं पसरलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचं मागणं एकच होतं. एकदा डोंगर चढून माताजींचं दर्शन घ्यायचं.

"गाडी बघा तरी, माताजी," नेमगोंडा म्हणाला.

माताजी उठल्या. हळूहळू अंगणात आल्या.

चिंचेखाली फियाट उभी होती. नेमगोंडाच्या वडिलांची. चंद्राक्का नवी नवरी होऊन हिच्यातच बसून घरी आली होती. नेमगोंडानं मागचं दार उघडलं. सीटवर एक तांब्या होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

"घरापासून असाच आणलाय. सगळी वळणं, सगळे खड्डे... थेंब सांडला नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले. शॉकअप नवे घातले. तरी मन भरेना. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची आणि मागचा माणूस पुढं आपटायचा. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. आता कशी थांबते माहीत आहे? निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी."

माताजी तांब्याकडे बघत राहिल्या.

"चंद्राक्का कुठं आहे?"

"घरी."

"कशी आहे?"

"आहे... सुलोचना करते तिचं सगळं. माझा दिवस गाडीपाशीच जातो."

"मागं एकदा निघाला होतात ना तुम्ही?"

नेमगोंडानं मान खाली घातली.

गेल्या उन्हाळ्यात ते निघाले होते. चंद्राक्का तेव्हा बसू शकत होती. मागच्या सीटवर उशा रचून तिला बसवलं होतं, शेजारी त्याची बायको सुलोचना. गावाबाहेरच्या ओढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि चंद्राक्का ओरडली. आईच्या तोंडून असा आवाज नेमगोंडानं जन्मात ऐकला नव्हता. त्यानं ब्रेक दाबला.

"थांबू नगंस," चंद्राक्का मागून म्हणाली होती. "व्हतंय ते व्हऊ दे. ने मला."

त्यानं गाडी वळवली.

त्याच दिवशी त्यानं फियाट शेडमध्ये घातली आणि चाकं काढली. पाटे बसवले, ते कडक वाटले. काढून दुसरे बसवले. पावसाळा गेला. दिवाळी गेली. घरात कंदील लागला की नाही हेही त्याला कळलं नाही. चंद्राक्का आधी उशीला टेकून बसायची, मग नुसती पडून राहू लागली. कुशीवर वळवताना ती कण्हायची. मग शेडमधलं ग्राइंडर सुरू व्हायचं.

"बसायला दुसरं वाहन नव्हतं का?" माताजींनी विचारलं.

"सुलोचना म्हणाली होती, दवाखान्याची गाडी सांगू. पण माताजी, धक्के त्यातही बसतातच."

"आणि चंद्राक्का?"

"ती काय... म्हणाली, बैलगाडीतनं ने, पण ने. दुखण्यात माणूस काहीही बोलतं."



चिंचेची पानं गाडीच्या टपावर पडत होती. नेमगोंडानं ती बाहीनं झाडली.

"आता बसवेल तिला?" माताजींनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, जागचं हलवू नका." तो घाईनं बोलू लागला. "पण त्यांनी गाडी कुठं बघितलीय? बघितली असती तर नसते म्हणाले. उद्या सकाळी निघतो, दुपारपर्यंत..."

माताजी वळल्या. ओवरीत जाऊन त्यांनी कमंडलू उचलला, पिंछी घेतली. आत स्वाध्याय करत बसलेल्या सोबतच्या साध्वीला, दुसऱ्या आर्यिकेला, त्या एवढंच म्हणाल्या, "चला." आणि पायऱ्या उतरू लागल्या.

"माताजी! कुठं?"

"चंद्राक्काकडे."

वाहनात न बसण्याचं माताजींचं व्रत त्याला माहीत होतं. गाव एका दिवसाच्या चालीवर, आणि अंधार पडला की आर्यिका चालत नाहीत. म्हणजे वाटेत मुक्काम आला. माताजींचं वय झालेलं, गुडघे वाकलेले, टाचांना भेगा. वाट सगळी खडीची.

"तुमचे पाय दुखतील..."

"दुखतात."

"मग?"

"मग दुखतात." त्यांनी मागं न बघता सांगितलं. "तू गाडीनं पुढं हो. तिच्यापाशी बस."

नेमगोंडा डोंगर उतरला. प्रत्येक वळणावर ब्रेक हवा तसा लागत होता. त्या मनःस्थितीतही त्याच्या ते ध्यानात आल्यावाचून राहिलं नाही.

सुलोचना दारातच उभी होती.

"आत या बरं आधी. आई कधीच्या हात चाचपताहेत. तुमचा हात हवाय त्यांना."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. आत शेजारची बाई चंद्राक्काला कुशीवर वळवत होती. तोच आवाज आला. आता बारीक झालेला, पण तोच.

नेमगोंडाचं पाऊल मागं आलं.

"माताजी निघाल्यात," तो म्हणाला. "वाटेत कुणीतरी असायला पाहिजे. वेशीवर थांबतो."

"वाट एकच तर आहे, अहो! चुकायला आहे काय त्यात?"

तो गेलाही होता.

दिवस बुडेतो तो वेशीवर बसला. रात्री शेडमध्ये पडला. उजाडायच्या आत परत वेशीवर आला. गावातली माणसं रानात जाताना विचारत, आई कशी आहे? तो म्हणे, माताजी येताहेत.

ऊन अंगावर आलं तेव्हा खिशातला फोन वाजला. तो बराच वेळ वाजू दिला त्यानं. मग घेतला.

"अहो..." सुलोचना होती. "आई गेल्या."

त्यानं वळणाकडे पाहिलं.

"सकाळपासून तुमचंच नाव घेत होत्या. नेमू आला का, नेमू आला का... मी म्हटलं, आलेच. मी खोटं बोलले हो."

फोन कानाला तसाच राहिला. पलीकडे कुणीतरी रडत होतं आणि कुणीतरी माणसांना बोलवायला सांगत होतं.

वळणावर दोन पांढऱ्या साड्या दिसल्या.

नेमगोंडा धावत गेला आणि रस्त्याच्या धुळीत माताजींच्या पुढ्यात पडला. त्यांच्या टाचेतून रक्त आलं होतं, त्यावर माती बसून ते काळं पडलं होतं.

"गेली, माताजी... आत्ताच गेली."

माताजी जागच्या जागी थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले. मागच्या आर्यिकेनंही हात जोडले. नवकार मंत्र संपल्यावर माताजींनी विचारलं,

"जवळ कोण होतं?"

"सुलोचना."

"आणि तू?"

"मी इथं... तुमची वाट बघत."

माताजींनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी काय कमी केलं, माताजी?" तो हुंदके देत म्हणाला. "सांगा ना. रात्रीचा दिवस केला. कारखाना वाऱ्यावर सोडला. माझं दुसरं काही मागणं होतं का? एक धक्का लागू नये, बास. एवढंच बघत होतो मी. एकही धक्का लागू नये..."

माताजी खाली वाकल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, सावकाश. त्याच्या चेहऱ्यासमोर चेहरा येईपर्यंत वाकल्या.

"...कुणाला, नेमगोंडा?"